टाचेतले चार थेंब

आपल्याकडे बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवी पूजतात. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्रभर दिवा जागता ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. ब्रिटनमध्ये साधारण याच पाचव्या दिवशी घरी मिडवाइफ येते. बाळाचा पाय हातात धरून ती टाचेला बारीकसं टोचते आणि जाड टिपकागदाच्या कार्डावर छापलेल्या चार वर्तुळांत रक्ताचे थेंब टिपून घेते. बाळ कळवळून रडतं, आई त्याला छातीशी धरते, कार्ड वाळून पाकिटात जातं. काही गंभीर जन्मजात आजार त्या डागांवरून वेळेत ओळखता येतात आणि मूल वाचतं. पण तपासण्या उरकल्या तरी कागदावर थोडं रक्त शिल्लक राहतं. सटवाईचं लिखाण कोणाला वाचता आलेलं नाही. या कार्डावरचं मात्र वर्षानुवर्षं वाचता येतं, आणि यंत्रं सुधारतील तसं अधिकाधिक वाचता येतं. ते कोणी वाचायचं, कशासाठी वाचायचं आणि त्याआधी कोणाला विचारायचं, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

मुलाच्या शरीरातून संशोधनासाठी काय काय जातं, याची यादी केली तर आई-बापाच्या पोटात कालवतं. टाचेतलं रक्त, लघवी, घशातला स्राव, पडलेला दुधाचा दात, जन्मताच कापलेली नाळ आणि पडलेली वार, शस्त्रक्रियेत काढलेली गाठ, आणि कधी कधी, सगळे उपाय हरल्यावर, मूल गेल्यानंतर त्याच्या मेंदूतला तुकडा. यातली प्रत्येक गोष्ट आई-बापांनी दिलेली आहे. गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला तर अनेकदा संशोधकाने मागण्याआधीच पालक बाटली घेऊन दारात उभे राहिले आहेत.

नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलँड तशाच उभ्या राहिल्या. त्यांची दोन मुलं, लिव्ह आणि दाग, जन्मली तेव्हा ठीक दिसत होती. पुढे दोघांचीही बुद्धी वाढेना. मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक कुबट वास यायचा. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, पण बाईंनी त्या वासाचा पिच्छा सोडला नाही. १९३४ साली त्या ओस्लोतल्या अस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि ती गडद हिरवी झाली. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. हिरवा रंग कशाने येतो हे शोधायला लघवी हवी होती, भरपूर हवी होती. आई बाटल्या भरून आणत राहिली. सुमारे बावीस लिटर लघवीतून फोलिंग यांनी शेवटी फिनाइलपायरुविक आम्ल वेगळं काढलं आणि पीकेयू, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया, हा आजार वैद्यकाला माहीत झाला. अन्नातल्या प्रथिनांमधला एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठत जातो आणि मेंदू नासवतो. लिव्ह आणि दाग यांना या शोधाचा उपयोग झाला नाही. फार उशीर झाला होता.

पुढचा टप्पा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बाल रुग्णालयातला. १९५१ साली तिथे शीला जोन्स नावाची सतरा महिन्यांची मुलगी आली. आजाराचं निदान झालं, उपचार मात्र नव्हता. तिची आई मेरी जोन्स हॉर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरांच्या प्रयोगशाळेबाहेर रोज सकाळी येऊन थांबायची आणि एकच गोष्ट विचारायची: माझ्या मुलीसाठी काही सापडलं का? बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घातक घटक काढून टाकलेलं अन्न तयार केलं. शीला रांगू लागली, आधाराने उभी राहू लागली, तिच्या नजरेत ओळख आली. ही सुधारणा त्या अन्नामुळेच आहे याची खात्री करायची म्हणून डॉक्टरांनी तोच घटक आईला न सांगता पुन्हा तिच्या खाण्यात मिसळला. मुलगी लगेच खालावली. आईला घरी बसून काहीच उमगेना. मग डॉक्टरांनी तिला खरं काय ते सांगितलं, आणि तिच्या संमतीने मुलीला रुग्णालयात ठेवून तोच प्रयोग उघडपणे पुन्हा केला.

या प्रसंगापाशी थांबायला हवं, कारण पुढच्या सत्तर वर्षांतल्या सगळ्या वादांचं बीज इथे आहे. प्रयोगाने उपचार सिद्ध झाला, आज जगभर हजारो मुलं त्या आहारावर सुदृढ वाढतात, हे खरं. डॉक्टरांच्या मनात पाप नव्हतं, हेही खरं. आणि तरीही त्या मुलीचे आणि तिच्या आईचे ते दिवस फुकट छळात गेले. दुसऱ्या वेळी विचारलं तेव्हा मेरी जोन्स तयार झालीच. तिला पहिल्याच वेळी विचारता आलं असतं.

टाचेच्या कार्डाची कल्पना अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांची. त्यांचा एक मुलगा मतिमंद होता आणि नात्यातल्या एका भाचीला पीकेयू होता. घरातलं दुःखच त्यांना या कामाकडे घेऊन आलं. नवजात बाळाचं रक्त टिपकागदावर वाळवून टपालाने पाठवता येतं आणि प्रयोगशाळेत स्वस्तात तपासता येतं, हे त्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. त्या कार्डांना आजही गथ्री कार्डं म्हणतात. कार्डाच्या मुळाशी एक आई आहे, एक बाप आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच काही समजतं.

दुधाच्या दातांची गोष्ट जरा हसतमुख आहे. आपल्याकडे पडलेला दात कौलावर टाकतात, नाहीतर उंदराच्या बिळात, म्हणजे उंदरासारखे बळकट दात येतील. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५८पासून मुलांनी दात पाकिटात घालून शास्त्रज्ञांना पाठवायला सुरुवात केली. अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या आकाशाखाली चालल्या होत्या. त्यातून उडालेलं स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर गवतावर, गवतातून गायीच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडा-दातांत जात होतं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. हे मोजायचं कसं? मुलाचं हाड तर कापता येत नाही. दात मात्र आपणहून पडतो. डॉक्टर लुइस राइस या बाईंनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर यांनी शहरातल्या नागरिकांच्या समितीमार्फत आवाहन केलं. शाळांमधून, दवाखान्यांमधून अर्ज वाटले गेले. आया दाताबरोबर मुलाची जन्मतारीख, जन्मगाव, अंगावरचं की बाटलीचं दूध, असा तपशील लिहून पाठवत. मुलाला बदल्यात एक बिल्ला मिळायचा: आपला दात विज्ञानाला दिला, असं सांगणारा. सुमारे ३ लाख २० हजार दात गोळा झाले. पहिले निष्कर्ष १९६१ साली ‘सायन्स’मध्ये आले आणि चाचण्या वाढत गेल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं, हे समोर आलं. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणातल्या अणुचाचण्या थांबवण्याचा करार केला. त्यामागे कारणं अनेक होती, पण लोकमत तापवण्यात या दातांचा वाटा मोठा होता. घराघरांतून मिळालेलं एवढं मोठं आणि एवढं विनासायास दान विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल, आणि त्याचं कारणही साधं आहे. काय हवं, कशासाठी हवं, कळल्यावर काय होईल, हे सगळं आयांना आधीच माहीत होतं.

या गोष्टीला शेपूटही आहे. २००१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात यातले सुमारे ८५ हजार दात पाकिटांसकट सापडले. आता ते दात देणारी मुलं साठी-सत्तरीत पोहोचली आहेत, आणि बालपणी शरीरात गेलेल्या धातूंचा म्हातारपणीच्या बुद्धीवर काय परिणाम होतो, हे हार्वर्डमधले संशोधक त्याच दातांवरून तपासत आहेत. आईने एका प्रश्नासाठी दिलेला दात दुसऱ्याच प्रश्नाच्या कामी आला. नमुना एकदा दिला की तो देणाऱ्यापेक्षा जास्त जगतो.

लशींच्या इतिहासातही मुलांची नावं अशीच चिकटून राहिली आहेत. १९६३च्या मार्चमध्ये एका रात्री मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाची पाच वर्षांची मुलगी जेरिल लिन गालगुंड घेऊन उठली. बापाने तिला थोपटून झोपवलं, प्रयोगशाळेत जाऊन सामान आणलं आणि तिच्या घशातला स्राव बोळ्यावर घेतला. त्यातल्या विषाणूपासून गालगुंडाची लस झाली, १९६७ साली तिला परवानगी मिळाली आणि तो वाण आजही ‘जेरिल लिन’ म्हणूनच ओळखला जातो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ या वाणापासून बनते. त्यातलं पहिलं नाव १९५४ साली बोस्टनजवळच्या शाळेत गोवराने आजारी पडलेल्या एका मुलाचं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडीत बाळाच्या दंडावर टोचली जाणारी लस त्या मुलाच्या घशातून आणि रक्तातून निघालेल्या विषाणूची वंशज आहे, हे तिथल्या ताईंना सांगितलं तर त्यांनाही नवल वाटेल.

इथपर्यंत देण्याच्या गोष्टी झाल्या. आता घेण्याच्या.

लिव्हरपूलच्या ॲल्डर हे बाल रुग्णालयातली हकिगत बाहेर आली ती १९९९ साली, ब्रिस्टलच्या रुग्णालयाच्या चौकशीत एका प्राध्यापकांनी सहज दिलेल्या माहितीतून. अनेक रुग्णालयांत मृत मुलांची हृदयं जपून ठेवलेली आहेत, असं ते म्हणाले. शोध सुरू झाला आणि ॲल्डर हेमध्ये सुमारे ८५० अर्भकांच्या अवयवांनी भरलेल्या दोन हजारांहून जास्त बरण्या निघाल्या. १९८८ ते १९९५ या काळात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर डिक व्हॅन व्हेल्झन यांनी पालकांना न कळवता जवळपास प्रत्येक मुलाचे अवयव काढून ठेवले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांवर पुढे काहीच संशोधन झालं नव्हतं. ज्या थोड्या पालकांनी कागदावर सही केली होती, त्यांना ‘ऊती’ म्हणजे सुईच्या टोकावर मावेल एवढा कण वाटला होता. आख्खं हृदय, आख्खा मेंदू त्या शब्दात बसतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मूल पुरून झालेल्या आई-बापांना पत्र आलं, की तुमच्या बाळाचं हृदय आमच्याकडे आहे. त्यांनी पुन्हा कबर उघडली. काही महिन्यांनी आणखी एक पत्र आलं, आणखी एक अवयव सापडल्याचं. काही घरांनी एकाच मुलाचे दोन-तीनदा अंत्यविधी केले. जानेवारी २००१मध्ये मायकेल रेडफर्न यांच्या चौकशी समितीचा अहवाल आला आणि त्यातून पुढे २००४चा मानवी ऊतींविषयीचा ब्रिटिश कायदा झाला. संमती हाच त्याचा पाया. चौकशीच्या काळात पालकांच्या बोलण्यात एक सूर वारंवार येत होता: आम्हाला विचारलं असतं, तर कदाचित आम्ही दिलंही असतं. ज्यांचं मूल गेलं आहे ती माणसं हे म्हणत होती. दुसऱ्याचं मूल वाचावं म्हणून आपल्या मुलाचं काहीतरी देणं त्यांना मान्य होतं. चोरी मान्य नव्हती. या प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये मुलांच्या शवविच्छेदनाला मिळणारी संमती घटली. न विचारण्याची किंमत पुढच्या पिढीतल्या आजारी मुलांनाही मोजावी लागली.

अमेरिकेत तेच कोडं टाचेच्या कार्डांवरून पडलं. तपासणीसाठी घेतलेली कार्डं काही राज्यं वर्षानुवर्षं जपून ठेवत आणि संशोधनासाठी देत, पालकांना पत्ता नसे. २००९ साली टेक्सासमधल्या पाच पालकांनी दावा लावला. तडजोड झाली आणि राज्याने पन्नास लाखांहून जास्त कार्डं नष्ट केली. पुढे उघड झालं, की त्याआधी सुमारे आठशे नमुने गुन्हे-तपासाला उपयोगी पडणाऱ्या जनुकीय माहितीच्या संग्रहासाठी लष्कराच्या प्रयोगशाळेला गेले होते. मिनेसोटातही खटला झाला आणि २०१४च्या सुरुवातीला सुमारे अकरा लाख नमुने नष्ट करावे लागले.

या कार्डांत काय होतं, ते कळलं की हळहळ वाटते. १९९७ साली लंडनमधल्या मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या काही लहान मुलांची गथ्री कार्डं शोधून काढली. आजार दिसला तो पाच महिन्यांच्या ते दोन वर्षांच्या वयात, पण जन्मानंतर काही दिवसांनी टिपलेल्या त्या वाळक्या डागांतही जनुकांची तीच मोडतोड सापडली. म्हणजे त्या मुलांत कर्करोगाची सुरुवात आईच्या पोटातच झाली होती. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने हे इतक्या नेमकेपणाने कळलं नसतं. अशी लाखो कार्डं टेक्सासने नष्ट केली, तीही पालक कंजूष होते म्हणून नव्हे.

ते कंजूष नव्हते याचा पुरावा आहे. मिशिगन विद्यापीठातल्या बेथ टारिनी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पालकांना दोन तऱ्हांनी विचारलं. आधी तुमची परवानगी घेतली, तर बाळाच्या उरलेल्या रक्तावर संशोधन चालेल का? ७६ टक्के पालक तयार होते. आणि परवानगी न घेताच केलं तर? २८ टक्के. रक्त तेच, बाळ तेच, संशोधन तेच. मधला सगळा फरक एका प्रश्नाचा. मुलांच्या नमुन्यांविषयी आजवर जे काही मोजलं गेलं आहे, त्यात या दोन आकड्यांइतकं बोलकं फार थोडं असेल.

विचारून घेतलं, तरी कशासाठी विचारलं हे पाळावं लागतं. स्वीडनने १९७५पासूनची नवजात बाळांची कार्डं आरोग्यासाठी जपली आहेत. २००३ साली परराष्ट्रमंत्री ॲना लिंड यांचा खून झाला तेव्हा पोलिसांनी संशयिताचं बाळपणीचं कार्ड मिळवून त्याची ओळख पटवली. २००४च्या डिसेंबरात त्सुनामीत शेकडो स्वीडिश पर्यटक दगावले, तेव्हा मृतदेह ओळखण्यासाठी कायदा तात्पुरता बदलून हीच कार्डं वापरली गेली. दुसऱ्या वापराला सहज कोणी हरकत घेणार नाही, पहिल्याने अनेकांच्या मनात चरका बसला. आईने टाच पुढे केली होती ती पीकेयूसाठी.

पैशाचा प्रश्न आला की गुंता आणखी वाढतो. कॅनव्हन नावाचा एक जन्मजात आजार आहे. मेंदूतला पांढरा भाग झिजत जातो, मूल मान धरत नाही आणि बहुतेकदा लहानपणीच जातं. हा आजार मुख्यतः अश्केनाझी ज्यू घराण्यांत आढळतो. शिकागोचे डॅनियल ग्रीनबर्ग यांची दोन मुलं या आजाराची. १९८७ साली त्यांनी स्वतः होऊन रुबेन मॅटालॉन या संशोधकाला गाठलं, आपल्या मुलांचे नमुने दिले, देशोदेशींच्या घरांना पटवून रक्त, लघवी आणि गेलेल्या मुलांच्या ऊती मिळवून दिल्या, पैसाही उभा केला. १९९३ साली जनुक सापडलं. १९९७ साली मायामीच्या बाल रुग्णालयाला त्याचं पेटंट मिळालं आणि गर्भातल्या तपासणीसाठी शुल्क लागू झालं. ज्यांच्या मुलांच्या शरीरातून जनुक मिळालं, त्यांच्याच नात्यागोत्यात तपासणी महागली. पालक न्यायालयात गेले. २००३ साली न्यायालयाने सांगितलं, की दिलेल्या ऊतींवर देणाऱ्याची मालकी राहत नाही; फक्त अन्याय्य लाभाचा एक मुद्दा तेवढा टिकला आणि पुढे तडजोड झाली. कायद्याच्या चौकटीत निकाल समजतो. माणुसकीच्या चौकटीत तो आजही खुपतो.

शॅरन आणि पॅट्रिक टेरी यांनी यातून वेगळी वाट काढली. १९९४च्या नाताळाच्या तोंडावर त्यांच्या दोन्ही मुलांना पीएक्सई या दुर्मीळ आजाराचं निदान झालं. त्यात कातडी सैल पडते आणि दृष्टी जाऊ शकते. काही दिवसांतच एका संशोधकांच्या गटाने मुलांचं रक्त घेतलं. लगेच दुसरा गट आला, तोही रक्त मागू लागला. पहिल्यांचंच घ्या की, असं आई म्हणाली, तेव्हा कळलं, की हे गट एकमेकांना काही देत नाहीत. मुलांना पुन्हा टोचणार ते केवळ त्या स्पर्धेपायी. कॉलेजात धर्मोपदेशकाचं काम केलेल्या या बाई जनुकशास्त्राची पुस्तकं काढून बसल्या, त्यांनी रुग्णांची संस्था उभी केली आणि नमुन्यांचा साठा स्वतःच्या ताब्यात ठेवला. ज्याला नमुने हवेत त्याने अटी पाळायच्या. २००० साली जनुक सापडलं तेव्हा पेटंटच्या हक्कात रुग्णांच्या संस्थेचा वाटा होता. ग्रीनबर्ग आणि टेरी यांच्या देण्यात तसूभर फरक नव्हता. टेरींनी आधी कागद केला, एवढंच.

सगळ्यात कठीण मागणं मात्र शेवटचं. मेंदूच्या देठात, म्हणजे श्वास आणि गिळणं सांभाळणाऱ्या भागात, लहान मुलांना एक गाठ होते, तिला डीआयपीजी म्हणतात. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांची दोन वर्षांची मुलगी १९६२ साली याच गाठीने गेली. ती शस्त्रक्रियेने काढता येत नाही. निदानानंतर बहुतेक मुलं वर्षभरही जगत नाहीत. तुकडा काढणंही धोक्याचं मानलं जायचं, त्यामुळे कित्येक दशकं प्रयोगशाळांत अभ्यासाला ऊतीच नव्हती. आजार कसा आहे हे न पाहताच औषधं देऊन पाहिली जात होती आणि एकामागून एक फसत होती.

ही कोंडी फुटली ती ज्यांचं मूल नुकतंच गेलं आहे अशा पालकांमुळे. स्टॅनफर्डमधल्या डॉक्टर मिशेल मोंजे यांना एका पाच वर्षांच्या मुलाच्या पालकांनी ही गाठ अभ्यासासाठी दिली. मृत्यूनंतर काही तासांच्या आत सगळं करावं लागतं, तरच पेशी जिवंत राहतात. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या आणि २०११ साली त्यांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. २०१२ साली दाखवलं गेलं, की या गाठींपैकी जवळपास ऐंशी टक्के गाठींत एकच ठरावीक जनुकीय बदल असतो, आणि त्या कामाला मृत्यूनंतर दिलेल्या ऊतींचाही आधार होता. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेत या बदलासह वाढणाऱ्या गाठींसाठी पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. आजार त्याने बरा होत नाही. पण पन्नास वर्षं जिथे नुसती भिंत होती तिथे एक फट पडली आहे. असं दान मागायचं कोणी आणि कधी, हा डॉक्टरांपुढचा अवघड प्रश्न. मूल अजून बोलतं-खेळतं असताना विषय काढायला जीभ रेटत नाही, आणि गेल्यावर वेळ उरत नाही. त्यामुळे अनेकदा विचारायचंच राहून जातं. मग पालकांना पुढे कधीतरी कळतं, की देता आलं असतं, आणि ती रुखरुख आयुष्यभर राहते. न विचारण्याचा हा दुसरा प्रकार. पहिला अहंकारातून येतो, हा दयेतून. त्याने होणारं दुःख मात्र कमी नसतं.

भारतात नवजात बाळांची टाचेची तपासणी अजून सगळीकडे होत नाही. गोव्याने २००८ साली सरकारी रुग्णालयांत ती सुरू केली, ते देशातलं अगदी सुरुवातीचं पाऊल. शहरांत मात्र दुसरंच काही वाढलं. मुलाच्या नाळेतलं रक्त पैसे भरून खासगी बँकेत ठेवण्याच्या जाहिराती प्रसूतिगृहांच्या भिंतींवर दिसू लागल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, अशा खासगी साठवणीची शिफारस केलेली नाही; स्वतःच्या मुलाला ते रक्त कधी लागण्याची शक्यता फार थोडी. पण भीती दाखवून पैसे घेणं सोपं, आणि कारण समजावून दान मागणं कष्टाचं.

ते कष्ट घेतले तर काय होतं, हे पुण्याजवळच्या सहा गावांनी दाखवलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर, १९९०च्या दशकाच्या मध्याला तिथल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद सुरू केली. आठशेच्या आसपास गरोदरपणं त्यांनी पहिल्या महिन्यांपासून पाहिली. शेतात राबणाऱ्या या बायकांची बाळं सरासरी २.७ किलोंची, साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. तरीही कातडीखालची चरबी त्या बारक्या बाळांत जवळपास टिकून होती, कमी होते ते स्नायू. सडपातळ दिसणारं, पण आतून चरबी साठवणारं भारतीय बाळ, ही जगभर चर्चिली गेलेली कल्पना या गावांतून निघाली. सहाव्या वर्षी सातशेच्या आसपास मुलं पुन्हा तपासणीला आली. दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्या आयांमध्ये ते कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं होतं. मधुमेहाची वाट गर्भातच आखली जाते, याचा हा ठळक पुरावा २००८ साली प्रसिद्ध झाला.

सहा-सात वर्षांच्या मुलाला उपाशीपोटी दवाखान्यात नेऊन त्याचं रक्त पुन्हा पुन्हा काढू द्यायचं, आणि तेही मूल ठणठणीत असताना, हे कुठल्या गावातल्या आईला सहज पटेल? तरी इतकी घरं वर्षानुवर्षं येत राहिली. विश्वास एका सहीने मिळत नाही. गावात येणारी ओळखीची माणसं, मुलाची उंची-वजन नोंदवताना झालेल्या गप्पा, तपासणीत काही निघालं तर आधी घरी सांगणं, यातून तो जमतो.

आई-बापांनी हो म्हटलं तरी देणारं शरीर मुलाचं आहे, आणि मूल मोठं होतं. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याची तोंडी तयारी विचारायची, बारा वर्षांवरच्याची लेखी घ्यायची, आणि अठरा पूर्ण झाली की पुन्हा नव्याने संमती मागायची. ब्रिटनमध्ये २०२४पासून एक लाख नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तावरून त्यांची संपूर्ण जनुकीय माहिती वाचण्याचा अभ्यास सुरू झाला आहे. त्यातही मूल सोळा वर्षांचं झालं की त्याला गाठून विचारायचं ठरलं आहे. पालकांचा होकार हा असा उसना होकार असतो, काही वर्षांनी खऱ्या मालकाच्या हातात द्यायचा.

पुण्याजवळच्या गावांत ती वेळ आलीही. २०१२ साली याज्ञिक यांच्या गटाने त्याच मुलांना, तोवर सोळा-सतरा वर्षांची झालेल्या पोरांना आणि पोरींना, नव्या अभ्यासासाठी बोलावलं. आईच्या पोटात कमी पडलेलं बी-१२ आताच गोळीतून दिलं, तर पुढच्या पिढीचं काय होईल, हे पाहायचं होतं. लहान असताना आईच्या कडेवर बसून रक्त दिलेल्या मुली आता कागद स्वतः वाचत होत्या आणि अठरा झाल्यावर स्वतः सही करत होत्या. त्यांची लग्नं झाली, त्या माहेरी बाळंतपणाला आल्या. अभ्यासाच्या आराखड्यात शेवटची नोंद होती ती त्यांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची.